शब्द फिरवणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, भोंगा म्हणजे कानाला त्रास, एवढंच तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. असू द्या. माझी गोष्ट ऐकल्यावरही तुम्हांला तसंच वाटलं तरी माझी हरकत नाही. मात्र एक आधीच सांगून ठेवतो. मी हळू बोलणार नाही. हळू बोलणं माझ्या घडणीतच नाही.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरानं पत्रा साच्यावर फिरवून मला धोत्र्याच्या फुलासारखा आकार दिला, मागं आवाज काढणारं युनिट बसवलं आणि पहिल्यांदा माझ्यातून नुसतं "हॅलो, हॅलो" म्हटलं. शेजारच्या दुकानातला माणूस दचकून उठला. कारागीर हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा चालंल!" ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

सुरुवातीला एका मांडववाल्याकडं मी लग्नांत राबलो. नंतर बोरकुंडीच्या ग्रामपंचायतीनं मला विकत घेतलं. बोरकुंडी म्हणजे अणदूरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीकडं सरकलेलं गाव. इथं निम्मी माणसं ताई-दादा म्हणतात आणि निम्मी अक्का-अण्णा. सिद्धाराम रिक्षावाल्याच्या रिक्षाच्या टपावर मला बांधायचे आणि आत माईक धरून आरोग्य उपकेंद्रातल्या जगदेवी सिस्टर बसायच्या. त्यांचा आवाज गोड नव्हता. खणखणीत होता. तो माझ्यातून निघाला की विहिरीवरच्या बायकांपर्यंत पोचायचा.

"उद्या उपकेंद्रात लसीकरण हाय! बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवरची लस! नऊ महिने, इसरू नका!"

हे मी वर्षानुवर्षं पुकारलं. मित्रांनो, गावातली पोरं लपाछपी खेळताना राज्य आलेल्याला "नऊ महिने, इसरू नका!" असं ओरडून चिडवायची. खालच्या आळीतल्या सारजाबाई तर घरात पाळणा हलला की बोटांवर महिने मोजायला लागायच्या. त्या मला 'आपला भोंगा' म्हणायच्या.

मग घराघरांत मोबाईल आले. ग्रामपंचायतीचे तरुण सदस्य अमरसिंह म्हणाले, "आता कशाला हा कालवा? ग्रुपवर टाकलं की एका मिनिटात सगळ्या गावाला कळतंय." ते मनानं वाईट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला टपावरून उतरवून पंचायतीच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांवर टाकलं. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. ज्या तोंडानं मी गाव जागं करायचो, त्या तोंडात माश्यांची गुणगुण ऐकत मी पडून राहिलो. वाईट वाटलं का? वाटलं. राग आला का? त्याहून जास्त आला.

अशातच गोवर आला.

आधी शेजारच्या गावात दोन-चार लेकरं तापली. अंगावर लाल पुरळ, डोळे लाल, नाक गळतंय. मग आमच्या गावात. रक्ताचे नमुने तपासले गेले आणि वरून कळलं की ही गोवरची साथच आहे. लगोलग जगदेवी सिस्टरांना नवा आदेश आला. साथ आहे तोवर, साथीच्या गावांत, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही लस द्यायची. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना, आधी घेतली असली तरी, आणखी एक द्यायची. सिस्टरांनी तो आदेश नीट मराठीत लिहून ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी लसी घेऊन उपकेंद्रात बसल्या.

बोटांवर मोजण्याएवढीच लेकरं आली.

त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या वीटभट्टीवरच्या इरम्माची नात तापली. आठ महिन्यांची होती. ताप छातीत उतरला. तिला सोलापूरला नेलं. इरम्मा रिकाम्या हातांनी परत आली.

त्यानंतर एका सकाळी मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात जगदेवी सिस्टर आणि सिद्धाराम उभे होते.

"ग्रुपवर टाकलं, सगळ्यांना पोचलं म्हनून दाखवतंय," सिस्टर म्हणाल्या. "मग बाया का आल्या न्हाईत?"

"अक्का, मोबाईल गड्यांच्या खिशात अन् बाया रानात," सिद्धाराम म्हणाला. "वाचनार कोन?"

"मग काढा भोंगा."

सिद्धारामनं धूर करून माश्या हाकलल्या, वायरी जोडल्या, मला टपावर आवळून बांधलं. किती दिवसांनी मला वारा लागला! आणि सिस्टरांचा आवाज माझ्यातून फुटला:

"बोरकुंडीकर, कान द्या! गावात गोवरची साथ हाय. साथीपुरता नियम बदललाय. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाबी लस मिळनार! नऊ न्हाय, सहा!"

मला वाटलं, गाव धावत येईल. गाव हसलं.

खालच्या आळीत सारजाबाई आडव्या आल्या. मागं त्यांची सून राजेश्वरी, तिच्या कडेवर सात महिन्यांचा रणधीर.

"थांब गं बाई!" सारजाबाई म्हणाल्या. "नऊ नऊ म्हनून तुमीच आमचे कान किटवले. आता सहा? उद्या पोटातल्या लेकराला टोचाल! ह्यो भोंगा शब्द फिरवतोय."

सगळी आळी खो खो हसली. शब्द फिरवणारा भोंगा! हे नाव तेव्हापासून मला चिकटलं.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. ना तेव्हा, ना आता. सिस्टरांनी ते समजावलं. "सारजामावशी, साथ नसताना नऊच बरोबर. त्या वयात लस चांगली लागू पडती. पर आता गोवर शेजारच्या घरात हाय. तो आपल्या रणधीरचे नऊ महिने भरायची वाट बघनार हाय व्हय?"

"मग शांतलिंग डॉक्टर का न्हाय म्हनले?" सारजाबाईंनी विचारलं. "साथीला भिऊन राजेश्वरी कालच गेलती दवाखान्यात. ते म्हनले, नऊ पुरे झाल्यावर या. डॉक्टर खोटं आन् भोंगा खरा?"

शांतलिंग डॉक्टर गावातले जुने खासगी डॉक्टर. बोरकुंडीतल्या निम्म्या घरांना त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नवा नियम त्यांना कळलाच असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांना कळवायचं कुणाकडून तरी राहून गेलं होतं.

इतक्यात गर्दीतून एक दगड आला आणि ठण्णकन माझ्या कडेवर बसला. मला पोचा पडला. रिक्षापाशी अमरसिंह आले.

"सिस्टर, बंद करा हे. लोकं घाबरायलेत. ग्रुपवर टाकलंय नव्हं?" असं म्हणत त्यांनी माझी वायर ओढायला हात घातला.

"हात काढ, अण्णा."

आवाज मोठा नव्हता. पण सगळे वळले. इरम्मा होती. भट्टीवरून चालत आली होती, पायांना लाल माती तशीच. गर्दीनं तिला वाट करून दिली, कारण तिच्या घरात काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"ग्रुपवर टाकलं म्हनता," ती म्हणाली. "माझ्याकडं कुठाय मोबाईल? माझ्या लेकीकडं कुठाय? ह्यो भोंगा त्या दिशी भट्टीपतोर आला असता, तर लेकरू काखंत घिऊन मी पळत आले असते. तवा ह्याला खोलीत कोंडलंवतं. आता ओरडू द्या त्याला. लई ओरडू द्या."

अमरसिंहांनी हात मागं घेतला. त्यांची मान खाली गेली.

ती पोर लशीनं वाचली असती का? मित्रांनो, ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तापाचं बीज आधीच तिच्या अंगात शिरलं असेल. पण तिच्या आजीला तो पुकारा ऐकायचा हक्क होता. तो हक्क मिळाला नाही, आणि त्याबद्दल मी हळू आवाजात बोलावं असं कुणाला वाटत असेल तर ते मला मान्य नाही.

"सिद्धाराम, रिक्षा दवाखान्याकडं घ्या," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही पुढं, गर्दी मागं. शांतलिंग डॉक्टर दारातच आले. नियम ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मला कुणी काही कळवलेलं नाही. आणि रिक्षावर पुकारलेल्या नियमावर मी लेकरांना सुई टोचायला पाठवत नसतो."

"पाठवू बी नका, डॉक्टरसाहेब," सिस्टर म्हणाल्या. "आधी विचारा. आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा."

त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला. टपावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "आणि नऊ महिन्यांची नेहमीची लस? ती वेगळी द्यायचीच ना? बरं. बरं." फोन ठेवला, चष्मा काढून पुसला, पायऱ्या उतरून खाली आले आणि माईकसाठी हात पुढं केला.

ते आयुष्यभर दवाखान्याच्या शांततेत बोललेले. पहिल्या "हॅलो"लाच माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले, मग माईक जरा लांब धरून बोलू लागले.

"मी शांतलिंग बोलतोय. काल मी राजेश्वरीला परत पाठवलं. नवा नियम मला कळला नव्हता. आता कळलाय आणि तो बरोबर आहे. साथ आहे तोवर सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला लस द्यायची. ही जादाची आहे, म्हणून नऊ महिने भरले की नेहमीची पुन्हा घ्यायची. ज्यांना ज्यांना मी परत पाठवलं, त्यांनी आजच उपकेंद्रात जावं. मी पण तिथंच येतोय."

सारजाबाई डॉक्टरांकडं पाहत होत्या, मग माझ्याकडं, मग नातवाकडं.

"राजेश्वरी," त्या म्हणाल्या, "टोपडं घाल लेकराला. चल."

त्या दिवशी मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. आळ्या झाल्या, वस्त्या झाल्या, मग भट्टी. तिथल्या कामगारांची बोली कन्नड. सिस्टरांनी माईक इरम्माच्या हातात दिला. तिनं आधी तो उलटाच धरला. मग तिचा आवाज माझ्यातून निघाला, "बर्री, बर्री!" या, या! आणि पुढं ती तिच्या भाषेत काय काय सांगत राहिली, भट्टीच्या टोकापर्यंत तिनं माईक सोडला नाही. झोपड्यांतून बायका लेकरं घेऊन बाहेर पडल्या. माझ्यातून कन्नड निघालं ते पहिल्यांदाच. तोवर मी माझा मलाच पुरता ठाऊक नव्हतो.

संध्याकाळपर्यंत उपकेंद्राचं अंगण रडणाऱ्या पोरांनी भरलं. शांतलिंग डॉक्टर दारात उभे राहून एकेका आईला समजावत होते. अमरसिंह स्वतःच्या गाडीवरून लांबच्या वस्तीवरच्या बायकांना आणून सोडत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गोवर एका दिवसात पळाला नाही. त्यानंतरही काही लेकरं तापली, पण कुणाला सोलापूरला न्यावं लागलं नाही. हळूहळू नवी तापणारी थांबली आणि एक दिवस वरून कळलं, साथ संपली.

तेव्हा आम्ही पुन्हा निघालो. सिस्टरांनी माईक तोंडाशी धरला.

"साथ संपली! आता नियम पुन्हा पहिल्यासारखा. नऊ महिने पूर्ण झाले की लस! साथीत ज्यांनी सहाव्या, सातव्या, आठव्या महिन्यात घेतली, त्यांनीबी नऊ महिने भरले की पुन्हा घ्यायची!"

"बघा, फिरवला का न्हाय शब्द!" कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा सगळी आळी हसली. या खेपेला सारजाबाई ओट्यावरून कडाडल्या, "हसता काय? पाऊस आल्यावर छत्री उघडता, थांबल्यावर मिटता. छत्री लबाड हाय का?" आणि रणधीरचे नऊ महिने भरले, त्या आठवड्यात सगळ्यांच्या आधी रांगेत त्याच उभ्या होत्या.

तर मित्रांनो, मला शब्द फिरवणारा म्हणा, खुशाल म्हणा. आजार चाल बदलतो तेव्हा जुनंच पाठ म्हणत बसणारा शहाणा नव्हे. उद्या पुन्हा नियम बदलला तर मी पुन्हा बदललेलं सांगेन, आणि हसलात तर तुमच्या हसण्याच्या वर आवाज काढेन. तुम्ही एवढंच करा. नवं काही कळलं की ते आपल्या मोबाईलमध्ये ठेवून झोपू नका. ज्या घरात मोबाईल नाही, ज्याला आपली भाषा येत नाही, जो गावाच्या हद्दीबाहेर राहतो, त्याच्या दारात जाऊन सांगा. डॉक्टरांनाही सांगा, त्यांना कळलंच असेल असं धरून चालू नका. शंका आली तर दगड मारू नका, विचारा.

आणि माझी निगा राखा. पावसात झाका, वायरी उंदरांपासून जपा. मी जुना झालोय, पोचे पडलेत, थोडा घरघरतोही. पण मला पुन्हा त्या मागच्या खोलीत टाकायला कुणी आलं, तर त्यानं कानांवर हात ठेवूनच यावं.