गालाची उंची

सहा इंची स्टीलची पट्टी. शून्याकडचा कोपरा झिजलेला, म्हणून माप नेहमी एकपासून घ्यायचं.

खापरखेड्यात कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे, ते वीजकेंद्राची चिमणी ठरवते. राख ज्या बाजूला जाईल, त्याच्या उलट.

पुण्याच्या ट्रॅव्हल्स रविनगरातून सुटतात. संध्याकाळी सहानंतर दर अर्ध्या तासाला एक.

आधी दात जातात. मग गाल.

"डोळे मिटा," विश्वनाथ म्हणाले.

देवरावांनी डोळे मिटले आणि रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवला. लाकूड गार होतं.

"आता उघडा. काय दिसते?"

"एका बाजूनं काळी कोर. बाकी उजेड."

"पूर्ण गोल नाही दिसत?"

"मान उचलली का दिसते."

"मान उचलायचीच नाही ना जी. गाल टेकला तिथंच डोळ्याले पूर्ण गोल सापडला पाहिजे. नाही तर दुर्बीण लावून फायदा काय?"

बर्डीवरच्या एका गल्लीत विश्वनाथांच्या दुकानाला पाटी नव्हती. एअर रायफली दुरुस्त करून घेणाऱ्यांना ती लागतही नसे. टेबलावर जुन्या टॉवेलवर रिंगांच्या तीन जोड्या मांडल्या होत्या. याच रिंगांत दुर्बीण बसते आणि रिंगा रायफलीच्या पाठीवर आवळल्या जातात. एक जोडी बुटकी, एक मधली, एक उंच. बुटकी लावली तर दुर्बिणीचं पुढचं तोंड नळीला घासत होतं. उंच लावली तर कोणाचाही गाल हवेत राहिला असता. उरली मधली.

"मधली बरोबर हाय," देवराव म्हणाले. "माझ्या गालाचं सोडा. हे माझ्यासाठी नाही. अपेक्षासाठी हाय."

अपेक्षा त्यांची मुलगी, आता पुण्यात नोकरीला. कॉलेजात असताना तिने याच रायफलीवर विद्यापीठाचं पदक आणलं होतं. तेव्हा दुर्बीण नव्हती, बारीक छिद्रातून नेम धरायचा. दस्त्यावर गाल टेकायची सागवानी पट्टी देवरावांनी स्वतः घासून बसवली होती. त्यासाठी ते नोकरीला होते त्या खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वर्कशॉपमधून बारीक मापाचा व्हर्नियर आणून तिच्या डोळ्यापासून गालाच्या हाडापर्यंतचं अंतर घेतलं होतं. पोरगी हसून हसून हलत होती. "बाबा, मी व्हॉल्व्ह हाय का?" माप तीनदा घ्यावं लागलं.

"आता तिचे डोळे दिवसभर कॉम्प्युटरवर जाते," देवराव म्हणाले. "चष्मा लागला. त्या छिद्रातून तिले जमणार नाही. म्हणून म्हटलं, दुर्बीण लावून ठेवू. दिवाळीले येऊन राहिली ती."

"मग तेव्हाच घेऊन या. पाच मिनिटांचं काम."

"आली का लगेच मारायले पाहिजे ना. चार दिवस राहते. त्यातला एक दिवस दुकानात काहून घालवायचा?"

विश्वनाथांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"भावना, जरा ये वं."

भावना त्यांची सून. ओले हात ओढणीला पुसत आली. दुकानाचा हिशेब, कुरिअर, फोन, सगळं तीच पाहायची. सासऱ्यांनी सांगायच्या आत तिने रायफल पाहिली आणि ओळखलं.

"पुन्हा माझंच तोंड का?"

"देवरावजींची पोरगी तुझ्याच वयाची हाय. मधल्या रिंगा लावल्या. पाह्य, गोल दिसते का."

भावनाने स्टूल ओढलं, डोळे मिटले, गाल टेकवला. देवराव नकळत पुढे झाले.

"कोपर खाली, बाळा. श्वास अर्धा सोड."

तिने कोपर खाली घेतलं. अर्धा श्वास सोडला. कानामागून सुटलेली बट गालाखाली दस्त्यावर पडली होती. देवरावांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेऊन खिशात घातला.

"पूर्ण गोल दिसते," भावना डोळा न हलवता म्हणाली. "भिंतीवरचा खिळासुद्धा दिसते."

"झालं मग," विश्वनाथ म्हणाले.

 भावना उठली तरी देवराव रिकाम्या दस्त्याकडे पाहत राहिले.

"तिचा गाल थोडा वर हाय," ते म्हणाले.

"किती वर, काका?"

त्यांनी स्वतःच्या तोंडावर अंगठ्याचं नख ठेवून दाखवलं. तिथे आता हाड होतं आणि खाली खड्डा. भावनाने नखाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"फोन लावून पाहतो," देवराव म्हणाले.

शनिवार होता. व्हिडिओ कॉल चौथ्या रिंगला उचलला गेला. अपेक्षा कुठल्याशा मोठ्या दुकानात होती, मागे साबणांच्या रांगा.

"हां बाबा. बरे आहे ना?"

"बरा हाय. तू जरा बाजूनं पाह्य."

"काहून?"

"असंच. उजवीकडून."

तिने मान वळवली. कानात निळ्या खड्याचं काहीतरी लटकत होतं.

"दिसलं का? नवीन घेतलं. तुम्हाले कोणी सांगितलं?"

देवरावांनी खिशातून पट्टी काढली आणि मोबाईलच्या काचेवर उभी धरली. एकचा आकडा डोळ्याच्या बाहुलीशी. पट्टी हलू नये म्हणून श्वास अर्धा सोडला.

"बाबा, कॅमेऱ्यापुढं काय धरलं? काहीच दिसून नाही राहिलं."

"नेटवर्क हाय."

"बरं, मी बिलिंगच्या लाइनीत आहे. रात्री बोलू?"

"बोलू."

"जेवण केलं का?"

"केलं," देवराव म्हणाले. डबा पिशवीत तसाच होता.

फोन बंद झाला. काळ्या काचेवर पट्टी टेकलेलीच राहिली. आकडा त्यांनी तोंडात घोळवला, विसरू नये म्हणून.

"सव्वीस मिलिमीटर," ते म्हणाले.

विश्वनाथ आधी हसले. "कमाल करता देवरावजी. फोनवर चेहरा मोजून राहिले? तिनं मोबाईल दूर धरला का सव्वीस, जवळ धरला का चाळीस. तीस वर्षं तुमी वीजकेंद्रात मीटर लावले ना गा?"

"एकतीस."

"मग?"

देवरावांनी पट्टी शर्टाला पुसली. एकतीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचं माप लिहिलं नव्हतं. तेलाचा दाब, वाफेचा दाब, बॉयलरचं तापमान. एखादा काटा जरा अडखळला तरी ते तो उतरवून तपासायचे.

विश्वनाथांचं हसणं तिथेच थांबलं. भावना चहा आणायला आत गेली.

"एक विचारू?" विश्वनाथ म्हणाले. आवाज खाली आला होता. "रोज ही रायफल कोण मारून राहिलं? नळीत छऱ्याचं शिसं ताजं हाय."

"मी. तेवढाच हात चालू राहते."

"मग तुमच्याच गालावर बसवून देतो ना. या पट्टीवर चार मिलिमीटर चामडं चिकटवलं का तुमचा डोळा बरोबर मधात येते. पोरगी आली का चामडं काढून टाकू. दोन मिनिटं लागते काढायले."

चामड्याचा तुकडा त्यांनी शोधूनही काढला. सागवानी पट्टीवर ठेवला. तंतोतंत बसला. देवरावांनी गाल टेकवला, डोळे मिटले, उघडले. गोल. अख्खा. भिंतीचा खिळा, खिळ्यावरचा गंज, गंजाखालचा चुन्याचा पोपडा. किती दिवसांनी काहीतरी इतकं जवळ दिसत होतं. ते बराच वेळ तसेच राहिले.

"चिकटवू?" विश्वनाथांनी डिंकाची बाटली उघडली.

देवरावांनी गाल उचलला. चामडं बोटांनी सरकवून टॉवेलवर ठेवलं.

"नको. तिच्या मापाचीच राहू द्या."

"भावनाच्या गालावर?"

"मधल्या रिंगा आवळा. बाकी काही नको."

विश्वनाथांनी स्क्रू आवळले. आधी हलके, तिरक्या क्रमाने, मग पक्के. चहा आला. भावनाने पेल्यासोबत चामड्याचा तुकडा कागदात गुंडाळून देवरावांच्या पिशवीत टाकला, त्यांना न विचारता.

दिवाळीत अपेक्षाला दोनच दिवसांची सुटी निघाली. दोन दिवसांसाठी काय यायचं, असं देवरावांनीच आधी म्हटलं, म्हणजे तिला म्हणावं लागू नये.

ते रोज सकाळी घरामागे विटांवर रेतीची थैली ठेवतात. समोर भुशाने भरलेलं पोतं, त्यावर कागद. पाच छरे. प्रत्येक वेळी डोळे मिटतात, गाल टेकवतात, उघडतात, काळी कोर दिसते. मग चार मिलिमीटर मान उचलून हवेत धरतात. मान थरथरते. छरे कागदभर पसरतात. शेजारचे गोपाळराव कुंपणावरून विचारतात, "काय गा देवराव, नेम गेला का तुमचा?" आणि देवराव म्हणतात, "दुर्बीण नवीन हाय."

गेल्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुर्बीण बसवायच्या कितीतरी आधी, अपेक्षा फोनवर म्हणाली होती की ती रायफल आता कोणाला तरी देऊन टाका, आणि देवराव बरं म्हणाले होते.