झुंबरबाईची नजर

तिसगावात मन्यारांच्या गल्लीत रईसाबीचं घर. नवरा आसपासच्या बाजारांत बांगड्यांचं दुकान लावायचा आणि ती असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर गल्लीतल्या मुलींना दुआ शिकवायची. मुली मराठी शाळेत जाणाऱ्या, म्हणून अरबी शब्द घोकून झाले की अर्थ ती मराठीतच सांगे. दुआ जेवणाची असो की प्रवासाची, सगळ्यांचा गाभा एकच, असं ती म्हणे. देणारा तोच, राखणारा तोच, त्याच्यावाचून कुणाच्या हातात काही नाही. गल्लीत तिच्या शब्दाला वजन होतं.

मागच्या बोळात झुंबरबाई राहायची. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, पाडव्याच्या सुमाराला परतायची. यंदा परतल्या परतल्या ती रईसाबीकडे आली. रईसाबीचा नातू उझैर नुकताच चालायला लागला होता. त्याला उचलून ती म्हणाली की लेकरू चांगलं गुटगुटीत झालंय. त्याच संध्याकाळी उझैरला ताप चढला, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. जीप करून त्याला नगरला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं की लहान मुलांना तापात असे झटके येतात, घाबरायचं कारण नाही. पोरगं बरं होऊन घरी आलं.

रईसाबीची भीती मात्र गेली नव्हती. गिरणीवर दळण घेऊन गेली तेव्हा बायकांनी चौकशी केली आणि ती बोलून गेली, "झुंबरबाईनं उचललं हुतं त्याला. लई वाईट नजर हाय तिची."

सून शहनाज शेजारीच उभी होती. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली की अम्मी, असं बोलायला नको होतं. रईसाबीनं तिला गप्प केलं.

गावात एवढं पुरे झालं. कुणाची शेळी गाभडली, कुणाचं तान्हं दूध पिईना, जो तो झुंबरबाईचं नाव घेऊ लागला. ती रस्त्यानं येताना दिसली की बायका लेकरं आत घ्यायच्या. रईसाबीच्या कानावर हे येत होतं. तिनं कुणाला अडवलं नाही.

मग एका संध्याकाळी ती मुलींना रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायची दुआ शिकवत होती. ही दुआ तिला लहानपणापासून पाठ. मुलींनी अर्थ विचारला तशी ती सांगू लागली की ज्याचं नाव घेतल्यावर जमिनीवर वा आभाळात कशानंच बाधा होत नाही, त्या अल्लाहच्या नावानं. सांगता सांगता तिचं लक्ष दाराबाहेर गेलं. धाकट्या मुलींचा धडा आटोपला होता, त्या गल्लीत उड्या मारत निघाल्या होत्या. समोरून झुंबरबाई डोक्यावर सरपण घेऊन येत होती. मुली दिसताच ती थांबली, पदर ओढून डोळे झाकले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुली लांब जाईपर्यंत तशीच उभी होती.

रईसाबीनं अर्थ अर्ध्यावरच सोडला. मुली वाट बघत बसल्या. तिनं त्यांना घरी जायला सांगितलं.

सूर्य मावळल्यावर मगरिबचा नमाज झाला, दुआसाठी हात उचलले, पण मागायला तोंड होईना. जन्मभर सकाळ-संध्याकाळ ती म्हणत आली होती की तुझ्याशिवाय कुणात ताकद नाही, आणि त्याच तोंडानं तिनं एका ऊसतोड बाईचे डोळे नेऊन अल्लाहच्या शेजारी बसवले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं कळूनसुद्धा. अल्लाहकडे तौबा करून माफी मागता येईल. पण माणसाचं वाईट केलेलं त्या माणसानंच माफ करावं लागतं, हेही तीच मुलींना शिकवत आली होती. आपण शिकवलेलं एक एक आठवून तिला स्वतःची लाज वाटत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बोळात गेली. झुंबरबाईची लेक सुकन्या बाळंतपणाला आलेली, आत बाजेवर तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. झुंबरबाई दाराबाहेर भाकरी करत होती. रईसाबी तिच्यासमोर जमिनीवरच बसली. म्हणाली की मी खोटं बोलले, लेकराला ताप होता, तुमचा काही दोष नव्हता, मला माफ करा.

झुंबरबाईनं भाकर उलटली. मग म्हणाली, "भाभी, तुमी देवाधर्माच्या बाई. तुमी म्हनला म्हंजी आसंलच काहीतरी, आसं मला वाटलं."

"न्हाई हो. काहीच नव्हतं."

आतून सुकन्या बोलली, "चाची, आईनं अजून माझ्या पोरीचं तोंड बघितलं न्हाई. न्हाऊ घालती ते पन मान वळवून."

रईसाबीला वर बघवेना. लोकांनी या बाईला वाळीत टाकलं आणि त्यांच्या धाकानं ती डोळे झाकते, एवढंच तिला वाटलं होतं. ती स्वतःच्याच डोळ्यांना भ्यायला लागली असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आत जाऊन नातीला बघा, अशी तिनं विनवणी केली. झुंबरबाई उठली नाही.

तिथून रईसाबी थेट गिरणीवर गेली. बायका दळणाला बसल्या होत्या. गिरणी चालू होती म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं. "मी झुंबरबाईवर आळ घेतला. तो खोटा हुता. पाप माझं हाय." एकीनं मान हलवली. दुसरी म्हणाली की आता सांगून काय उपयोग, आणि तिसरीनं विचारलं की मग आमची शेळी कशानं गाभडली? रईसाबीनं प्रत्येकीला उत्तर दिलं. किती जणींना पटलं, ते तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज उझैरला घेऊन झुंबरबाईच्या दारात बसू लागली. पहिले काही दिवस झुंबरबाई पाठ फिरवून काम करत राहायची. एकदा उझैर आपणच चालत गेला आणि तिच्या लुगड्याला धरून उभा राहिला. तिनं रईसाबीकडे बघितलं. रईसाबी म्हणाली, "घ्या त्याला."

झुंबरबाईनं त्याला मांडीवर घेतलं, पण नजर रस्त्याकडेच ठेवली. बऱ्याच वेळानं तिनं मान खाली केली, त्याचं तोंड नीट बघितलं, गालावरून बोट फिरवलं.

"वाळलाय वो लई," ती म्हणाली.

उझैर होता तसाच गुटगुटीत होता; चांगलं म्हणायला झुंबरबाई अजून भीत होती. रईसाबीनं मान डोलावली.