वर्नेलची जागा

माझी बहीण वर्नेल गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्यूयॉर्कमध्ये अंडं उकडत होतो. फोन आमच्या गावाहून, दक्षिणेतल्या मेम्फिसहून, मदर ओझेलांचा. त्या आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ, वय ब्याण्णव, आणि गोड बोलायची त्यांना सवय नाही. शनिवारी अकरा वाजता निरोपाची उपासना आहे, तू वाजवायचंस, आणि सूट इस्त्री करून आण, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. अंडं दगड झालं होतं. मी ते तसंच खाल्लं. ही बातमी फोन करून सांगावी असं माझं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी सॅक्सोफोन वाजवतो. शिकलो त्या चर्चमध्येच. शिकवणारं कोणी नव्हतं. आई गायची तसं फुंकायचं, बस. वर्नेल माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची आणि गाण्याची दुसरी ओळ संपली की हात वर करून म्हणायची, "सांग रे, सांग त्यांना." आमच्या चर्चमध्ये वाजवणारा एकटा कधीच नसतो. त्याने एक म्हणायचं, लोकांनी उत्तर द्यायचं.

पुढे मी सोल म्हणजे चर्चच्याच चालीवर प्रेमाची गाणी गाणाऱ्यांच्या मागे वाजवत बसमधून देशभर हिंडलो. पाळकांनी भर उपासनेत सांगितलं की हा सैतानाच्या चाकरीला लागला. वर्नेल उठून म्हणाली, त्याने सैतानाला आमच्या आईची गाणी ऐकवली तर बिघडलं कुठे? मग जॅझ, न्यूयॉर्क, अकरा रेकॉर्डी आणि दोन लग्नं. रेकॉर्डी टिकल्या.

मोठ्या हॉलमध्ये लोक शांत ऐकतात. इतके शांत की आपल्याच बोटांखालच्या कळांची टकटक ऐकू येते. सुरुवातीला वाटायचं, मेलो, कोणाला आवडत नाहीये. मग शांतता म्हणजे मान हे शिकलो, आणि फार चांगलं शिकलो. एका समीक्षकाने लिहिलं की मी दर वेळी दुसऱ्या ओळीनंतर थांबतो त्यात मोठं चिंतन आहे. त्याला मी मुलाखतही दिली. चिंतनावर अर्धा तास बोललो.

वर्नेल ऐकायला एकदाच आली. जांभळी हॅट घालून, चौथ्या रांगेत. दुसऱ्या ओळीनंतर मी थांबलो आणि ती उठून म्हणाली, "सांग रे, सांग त्यांना." माना वळल्या. कोणीतरी हसलं. हॉलचा माणूस वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि ती खाली बसली. मी मंचावरून सगळं पाहिलं. ही माझी बहीण आहे, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी तिसरी ओळ वाजवली.

नंतर जेवताना ती म्हणाली, तुझी माणसं फार शिस्तीची आहेत. पुन्हा कधी आली नाही. त्याला एकवीस वर्षं झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा, पण त्या दिवसाचं तिने नाव काढलं नाही. मीही नाही. मला लाज वाटायची, आणि जुन्या लाजेला हात लावणं आणखी अवघड जातं.

म्हणून मी ठरवलं, शनिवारी तिच्यासाठी असं वाजवायचं की त्या चर्चने जन्मात ऐकलं नसेल. चार दिवस दार लावून बसलो. आईचं एक गाणं घेतलं, त्याचे सूर उलटेपालटे केले, चाळीस वर्षांची सगळी विद्या त्यात ओतली.

शनिवारी चर्च खच्चून भरलं होतं. पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या, दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या सेविका, आणि शवपेटीवर जांभळी हॅट. मी वाजवायला लागलो. ऑर्गनवरच्या सिस्टर अ‍ॅडलीन थोडा वेळ माझ्या मागे धावल्या, मग हात मांडीवर ठेवून बसल्या. हातपंखे थांबले. सगळं चर्च शांत झालं. मला वाटलं, ऐकतायत. अखेर यांनाही कळलं, असं वाटून मी आणखी वरच्या सुरांत चढलो.

तेव्हा पहिल्या बाकावरून मदर ओझेलांचा आवाज आला, हळू पण स्पष्ट.

"येशू, सांभाळ रे त्याला."

आमच्यात वाढलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गाणारा रंगात आला की लोक त्याच्याशीच बोलतात, येशूला मध्ये घेत नाहीत. हे वाक्य बुडणाऱ्यासाठी राखलेलं असतं. इथे लोक गप्प बसतात ते तुमचं चुकतंय म्हणून, आणि मी नेमकं हेच विसरलो होतो.

मी सॅक्सोफोन खाली घेतला. कान तापले होते. सदुसष्ट वर्षांचा घोडा बहिणीच्या शवपेटीसमोर उभा राहून हुशारी दाखवत होता. त्या हॉलमध्ये तिला गप्प बसू दिलं आणि आता तिच्याच माणसांना गप्प केलं.

"मदर," मी म्हणालो, "मला जमत नाहीये."

"दिसतंय ते," त्या म्हणाल्या. "इथे तुझी परीक्षा कोण घेतंय? आई म्हणायची तसं वाजव. सावकाश, बाळा."

मागून कोणीतरी म्हणालं, सावकाश. मग चारी बाजूंनी तेच, सावकाश, वेळ घे.

मी गाणं साधं वाजवलं, आई भांडी घासताना म्हणायची तसं. सिस्टर अ‍ॅडलीन लगेच येऊन मिळाल्या. पहिल्या ओळीला चर्चने उत्तर दिलं, टाळ्यांनी, पायांनी, हुंदक्यांनी. किती वर्षांनी मला कोणी उत्तर देत होतं. दुसरी ओळ संपली आणि मी नेहमीसारखा थांबलो.

कोणीच बोललं नाही.

पुन्हा चुकलं की काय म्हणून मी दचकून पाहिलं. मदर ओझेलांचा हात वर होता, ओठ घट्ट मिटलेले. सिस्टर अ‍ॅडलीननी बोटं उचलली होती. सगळ्या म्हाताऱ्या मान वळवून दुसऱ्या बाकाकडे पाहत होत्या. माणसं मागे उभी होती, तरी भिंतीकडेची एक जागा मोकळी होती. मेम्फिसमधल्या सगळ्यांत बोलक्या माणसांनी तेवढं उत्तर तिच्यासाठी सोडून दिलं होतं.

अकराच्या अकरा रेकॉर्डींवर मी दुसऱ्या ओळीनंतर तिच्यासाठी थांबत आलो होतो. मला ते आत्ता कळत होतं. त्यांना आधीपासून माहीत होतं.

या वेळी मी तिसरी ओळ लगेच वाजवली नाही.