मंडळीचं पाणी

गळती माझ्याशी बोलला नाही. आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत माझ्यापासून तीन फुटांवर उभा राहून, हातातली पाण्याची बाटली पुढे करत तो खिडकीवरच्या बाईंना म्हणाला, "त्यांना सांगा, बोअरचं पाणी आहे. नवा पंप बसवायचाय. पंपवाले म्हणतात, आधी तपासून आणा."

खिडकीवरच्या बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अहो, त्या इथेच तर उभ्या आहेत. मी काय मधला टेलिफोन आहे का?"

"तुम्हीच सांगा," गळती म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

तो प्लंबर. भिंतीला कान लावून पाइप कुठे गळतोय ते शोधायचा, म्हणून लहानपणी आम्ही मुलांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. सायकल त्यानेच मला शिकवली होती. पण अकरा वर्षांपूर्वी मंडळीने, म्हणजे ज्या पंथात मी वाढले त्याने, मला बाहेर काढलं. काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही, त्याचं म्हणणं मानायचं नाही. माझा गुन्हा असा की रसायनशास्त्र शिकायला मी कॉलेजात गेले, आणि कबुलीच्या दिवशी सगळ्यांसमोर "चुकले" म्हणाले नाही. बाबा गेले तेव्हा त्यांचं दफन मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहिलं.

"घरी सगळे कसे आहेत, विचारा," मी म्हटलं.

"ह्या विचारतायत, घरी सगळे कसे आहेत," बाई म्हणाल्या. "उत्तर माझ्याकडे द्या, मी पोचवते. हमाली वेगळी पडेल."

गळती हसला नाही. छताला म्हणाला, "धाकटीला मुलगा झालाय. सात आठवड्यांचा. अंगावरचं दूध आलंच नाही, बाटलीवर आहे. ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काहीतरी असेल, पुढच्या आठवड्यात मोठी तपासणी. मंडळी उपास करतेय."

धाकटी माझी बहीण. मला काढलं तेव्हा ती दहा वर्षांची होती.

मी विचारलं, "दुधाच्या पावडरीत पाणी कुठलं घालतात?"

"ह्या विचारतायत..."

"बोअरचंच," बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला. "वीस-वीस मिनिटं उकळून. धाकटी फार काळजी घेते."

मी त्याचा नमुना रांगेतून उचलून आधी लावला.

मंडळीच्या आवारात चोवीस घरं आहेत. शहराचा नळ आमच्याकडे आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. मंडळीच्या वडीलजनांनी तो नाकारला, कारण ज्या पाइपातून जगाला पाणी जातं त्यातून प्रभूच्या लोकांनी कसं प्यायचं? तो जगाशी सहभाग झाला. मग शहराची गटारसुद्धा नाकारली, त्याच कारणाने. पुरुषांनी बोअर मारली आणि सांडपाण्याचा शोषखड्डा खणला. आम्ही मुली कडेला उभ्या राहून गात होतो. दोन्हींमध्ये अकरा फूट अंतर. मी तेव्हाच पावलांनी मोजलं होतं. मला सगळं मोजायची सवय होती आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. निदान पन्नास फूट असायला हवेत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मी तसं पत्र लिहिलं. ते न उघडता परत आलं.

यंत्राने आकडा दाखवला. नायट्रेट, म्हणजे मैल्यातून पाण्यात झिरपणारा क्षार, लिटरला एकशे नव्वद मिलिग्रॅम. पंचेचाळीसच्या वर गेलं तर आम्ही लाल शिक्का मारतो. मोठ्यांना त्याचं फारसं काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र प्राणवायू वाहून नेणं सोडून देतं, आणि बाळ निळं पडतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट उरतं. माझी बहीण वीस-वीस मिनिटं जपून विष आटवत होती.

जगाची घाण लागू नये म्हणून चोवीस घरं इतकी वर्षं आपलीच घाण पीत होती.

दुपारी दीड वाजता मी रिक्षाने आवारात, धाकटीच्या सासरी पोचले. बाळासाठी तिथे येऊन राहिलेल्या आईने दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. तिने मला पाहिलं, आणि मान आत वळवून म्हणाली, "धाकटे, दार लावून घे गं, धूळ येतेय." लेकी बोले सुने लागे. मी दारात पाय घातला.

आत धाकटी गॅसपाशी उभी होती. भांड्यातून वाफ येत होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. त्याची नखं पाटीसारखी करडी होती.

"ते पाणी त्याला देऊ नकोस!" मी ओरडले. "त्याचं हृदय ठीक आहे. पाण्यामुळे होतंय!"

धाकटी माझ्याकडे नाही, सासऱ्याकडे बघू लागली. तिचे सासरे घड्याळकाका, मंडळीतले सगळ्यात वरचे वडीलजन. घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून ते खिडकीजवळच्या टेबलावरून उठले. घाई त्यांना कधीच नसायची.

"बाहेरच्याचा शब्द या घरात चालत नाही," ते म्हणाले. "आत यायची वाट तुला ठाऊक आहे, मुली."

"हा रिपोर्ट वाचा. एक आकडा आहे."

"आधी गुडघे. मग आकडे."

एकविसाव्या वर्षी याच माणसाने कबुलीचे शब्द माझ्यासमोर ठेवले होते, आणि ते न म्हणण्यासाठी मी घर, आई, बाबा, धाकटी सगळं सोडलं होतं. आता मी गुडघे टेकले. फरशी ओली होती. "मी गर्वाने आंधळी झाले. माझी बुद्धी माझं पाप आहे. मला परत घ्या." सहा सेकंद लागले असतील.

"प्रभूची स्तुती असो," घड्याळकाका म्हणाले. त्यांचे डोळे खरंच पाणावले होते, आणि त्यामुळे तर माझ्या अंगाचा भडका उडाला. "तुझा हा पाण्याचा कागद गुरुवारी वडीलजनांच्या बैठकीत ठेवू."

"गुरुवारी? आज सोमवार आहे!"

"अकरा वर्षं थांबलीस ना?"

पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. मी परत आत आले होते. आता माझ्याशी बोलणं पाप नव्हतं. धाकटीने गॅस बंद केला.

"ताई," ती म्हणाली. तो आवाज मी ओळखला नसता. "मी उकळून देते गं. जास्त उकळू का?"

"नको. चल माझ्याबरोबर. रिक्षा उभी आहे."

"चपला..."

"राहू दे चपला."

इस्पितळात नर्सने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून गाळणकागदावर टाकला. नेहमीचं रक्त हवेत लाल होतं. हे चॉकलेटी राहिलं. तिने डॉक्टरांना हाक मारली. औषध शिरेतून दिलं. चाळीस मिनिटांत नखं गुलाबी झाली, मग ओठ. बाळ रडलं, चांगलं रागावून रडलं.

संध्याकाळी पाचला आई आली, घड्याळकाकांबरोबर. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या दंडाला हात लावला.

"किती वाळलीस गं. स्वतःचं स्वतः करतेस का? दुखतं-खुपतं कोण बघतं?" तिला थांबता येईना. "तुझी ती निळी शाल आहे अजून. मी कुणाला दिली नाही. म्हटलं..."

मी ऐकत होते. चार मिनिटं. मला ती संपायला नको होती.

"पाहिलंस?" घड्याळकाका पाळण्याजवळ उभे राहून आईला म्हणाले. "हिने गुडघे टेकले आणि मूल वाचलं. पाप घराबाहेर होतं तोवर शिक्षा घरात होती. रविवारी मी हे मंडळीला सांगणार आहे. पाण्यात काही नाही. वीस वर्षं पितोय आपण."

"आवारात बाटलीवरची आणखी बाळं किती?" मी धाकटीला विचारलं.

"दोन."

आईचा हात अजून माझ्या दंडावर होता. मी तो काढला नाही. तो तिथे असतानाच म्हटलं.

"काका, मी खोटं बोलले. मला कशाचाही पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आज दुपारीही नव्हता. तुम्ही दार उघडावं म्हणून बोलले."

"जीभ आवर."

"मी ते परत घेते. सगळ्यांसमोर. आता मी पुन्हा बाहेरची. बघा, बाळ निळं होतंय का ते. बसा ना. घड्याळ आहे तुमच्याकडे. लावा वेळ."

कुणी बसलं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं. बाळ जांभई देऊन झोपलं, गुलाबीच्या गुलाबी. घड्याळकाकांच्या गालावरची शीर उडत होती. "सैतानसुद्धा चिन्हं दाखवतो," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

आईचा हात माझ्या दंडावरून निघाला. अर्ध्यावर राहिलेलं वाक्य तिने पुरं केलं नाही. ती पाळण्याशी गेली, वाकली, बाळाचं एक एक नख दाबून पाहू लागली. दहाही बोटं. रंग जायचा, परत यायचा. मग पदर सावरून तीही गेली. दाराशी ती माझ्याकडे वळेल असं मला वाटलं होतं. वळली नाही.

"दोन दिवस थांबली असतीस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दोन दिवस आईला बोलू दिलं असतंस."

"त्या दोन बाळांनी दोन दिवस काय प्यायचं?"

तिने तोंड भिंतीकडे केलं.

मी खालच्या बाकावर बसले. रडू येत नव्हतं. सात वाजायच्या आत गळतीची गाडी फाटकातून आत आली. मागून दोन बाया उतरल्या, दोघींच्या कडेवर गुंडाळलेली बाळं. शेवटी आई उतरली, दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन. चौघंही माझ्यासमोरून गेली. उजवीकडे क्षयाचा वॉर्ड होता, त्या तिकडेच वळू लागल्या. मी उठले, त्यांच्यापुढे गेले आणि रक्त तपासणीच्या खोलीचं दार उघडून धरलं.