शाबासकीनं ओढलेलं जाळं

पोटच्या पोराची तक्रार करायची मला हौस नाही, पण आमचा भूपेश आजकाल बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतो. डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे. त्याच्यामागं मेंदू असतो म्हणे. गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. कंपनीनं हॉटेलात जेवू घालून त्यांना मेंदू शिकवला. तेवढ्या वेळात मी सुनेला धड पापड लाटायला शिकवू शकले नाही.

गावतलावाच्या जाळ्याचं म्होरकेपण आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या. माझे मालक शालिकराम गेले आणि जागा रिकामी झाली. संक्रांतीआधीचं मोठं जाळं भूपेशनं ओढून दाखवावं, मग तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, माणसं काय ते ठरवतील, असं झालं. पोरगा शिकलेला आहे, त्यालाच करा, असं मीच घरोघर सांगत फिरले होते. म्हणजे पाण्यात जाळं त्याचं, पण नाक माझं.

सकाळी थंडीत त्यानं सगळ्यांना पाळीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, लांब श्वास घ्यायला सांगितलं. जाळं ओढणाऱ्या पोरांतला विक्की घोरायला लागला.

"माय, भीतीनं मेंदू बंद पडते," भूपेश मला म्हणाला. "आजपासून शिव्या बंद, आरडाओरडा बंद."

"मंग जाळं कशानं ओढतीन बाप्पा?"

"डोपामिननं. मेंदूत पाझरते ते. शाबासकी भेटली का मानूस जोरात काम करते."

"नायलॉनच्या दोरापेक्षा मजबूत असते का?"

त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि सोडून दिलं. जी बाजू आधी काठाला लागेल तिला बिल्ला, टाळ्या आणि सगळ्यात मोठा रोहू मासा, असं त्यानं जाहीर केलं.

आता आमच्या जाळ्याची रीत अशी. दोन टोकांना दोन बाजूंची माणसं. एका टोकाला लटारूभाऊ, गुडघ्यानं अधू. ते "होऽ" म्हणणार, दुसऱ्या टोकाकडून "होऽ" येणार, मगच दोन्हीकडचे पाय उचलणार. जाळं म्हाताऱ्याच्या पावलानं चालतं. आणि मालक मधोमध, छातीभर पाण्यात, खुंटात अडकलेलं जाळं सोडवत असायचे. म्होरक्या म्हणजे ओला माणूस, एवढंच मला माहीत.

आमचा म्होरक्या इस्त्रीच्या पॅन्टमध्ये पाळीवर उभा, तोंडात शिट्टी. "डावी बाजू, मस्त! उजवी बाजू, स्माइल!"

रोहूच्या आशेनं दुसऱ्या टोकाची विक्कीची बाजू पुढं सुटली ती सुटलीच. लटारूभाऊंनी "होऽ" केलं, कोणी ओ दिली नाही. ओरडायलाच बंदी. जाळं तिरपं झालं, खालचा दोर चिखलातून वर उचलला गेला. टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या आम्ही बायांनी बघितलं, जाळ्याच्या मागचं पाणी उसळत होतं. मासे खालून निघून चालले होते.

विक्की काठाला लागला. भूपेशनं टाळ्या वाजवल्या, बिल्ला लावला. मग जाळ्याचं पोट वर आलं. शेवाळ आणि एक चप्पल. बक्षिसाचा रोहू बक्षीस सोडून गेला होता.

भूपेशचा चेहरा काळा पडला. तो थेट लटारूभाऊंवर धावला. "काका, तुमच्यानंच झालं हे! लंगडत राह्यले नुसते!" आणि मागोमाग अशी शिवी, जी मालकांनी वडीलधाऱ्याला कधी दिली नव्हती.

लटारूभाऊंनी दोर खाली ठेवला. "थांब बाप्पा. माहा मेंदू बंद पडून राह्यला."

पाळ हसली. मी नाही. मग एकेकानं दोर टाकला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वहिनी, काय करावं मंग?" लटारूभाऊंनी विचारलं.

पोर आहे, पुढच्या खेपेला शिकेल, असं मी म्हटलं असतं तर माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांनी मान डोलावली असती. ते मला कळत होतं. म्हणूनच मी पाळीवर पुढं झाले.

"भूपेश, कपायाकडे नोको पाहू, डोयात पाह्य. हॉटेलवाल्यानं तुले खोटं नाई सांगितलं. भीतीनं डोकं बंद पडते, आत्ता साऱ्या गावानं पाह्यलं. म्होरक्या कोन ते हे लोक ठरवतीन. तू नाई, हे मी ठरवलं. ते शिट्टी इथी ठेव, पॅन्ट गुंडाळ अन् लटारूभाऊच्या मागं दोर धर. समोरून 'हो' आल्याबिगर पाय उचलला, त संक्रांतीले तुया ताटात तेच वाढीन जे आज जाळ्यात आलं. चप्पल."