वाटणीत गेलेला दुसरा भाग

पारूबाई कादंबरीचा शेवट न कळताच मेली. पण ते राहू द्या. ती मेलेली नाही, निलंग्याजवळच्या आपल्या घरात बाजेवर पडून लेकावर खेकसते आहे, असं धरून चालू.

"भीमा, थांबलास का रं? पोरगी पळून राहिली नव्हं?"

"घसा सुकला, आई."

"तिच्यामागं बंदूकवाले हायेत, अन् ह्याचा घसा सुकला!"

दुष्काळाचं साल. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन पारूबाईला जुलाब लागले. ते थांबले तोवर तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. कुठलं, ते म्हणाले नाहीत. भीमा सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि दुपारी आईला कादंबरी वाचून दाखवायचा. घनदाट जंगल, शिकाऱ्यांची टोळी, त्यांनी केलेला खून पाहिलेली एक नर्स, तिला वाचवणारा वनरक्षक. पान उलटलं की गोळीबार, पुढच्या पानावर प्रेम, आणि दम खायला मधे थोडी श्रद्धा.

नर्स संकटात हात जोडायची, ते पारूबाईला पटत नसे. "हात मोकळे ठेव म्हणा. फांदी धराया लागत्यात." झरा आला की मात्र ती तेवढं दोनदा वाचायला लावायची.

"ती वाचली का न्हाई ते कळल्याबिगर मी मरत न्हाई," एकदा ती म्हणाली.

तेव्हापासून भीमा सावकाश वाचू लागला.

तरी पुस्तक संपलंच. दोघं पुराच्या नदीवर दोराला लटकलेली, काठावर टोळीवाला कोयत्यानं दोर कापतोय. पहिला भाग समाप्त.

भीमा निलंग्याच्या वाचनालयात गेला. पंचाक्षरी तिथली पुस्तकं सांभाळायचे.

"दुसरा भाग जुन्या जिल्ह्यात ऱ्हायला," ते म्हणाले. "लातूर वेगळा झाला तवा पुस्तकांची वाटणी झाली. कादंबरी दोन नग. एक त्यांना, एक आपल्याला."

"पण गोष्ट एकच हाय की मालक!"

"गोष्टीचा रकाना नव्हता."

एस.टी.नं तो जुन्या जिल्ह्याच्या गावी गेला. तिथल्या वाचनालयाच्या खिडकीतल्या माणसानं पत्ता विचारला आणि हळहळला. "पुस्तक ह्याच जिल्ह्यातल्या पत्त्यावर मिळतं. जिल्हा फुटायच्या आधी यायचं होतंस, बाबा."

घरी येऊन भीमानं तेच पुस्तक उघडलं आणि मनानंच वाचू लागला. पूर कसा ओसरतो ते काही त्याला आठवेना.

"नदी आटली. दोघं चालत पल्याड गेली."

पारूबाईनं डोळे उघडले. "जंगलातली नदी? आटली?"

"हाव."

"मग प्याली काय ती?"

भीमानं पान उलटलं. "टँकर आला."

"चल, खोटारड्या," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली. "त्यो कुठंबी येत न्हाई."

सकाळी ती गेलेली होती. दिलेला शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. तिला मूठमाती दिल्यावर भीमानं जिल्हाधिकारी साहेबांना अर्ज केला:

"तरी कालकथित पारूबाई हिस पुरलेली जागा, मुलाला शेजारी बसता येईल एवढ्या कडेसह, आठ दिवसांपुरती जुन्या जिल्ह्यात वर्ग करण्यात यावी, जेणेकरून सदर जागेच्या पत्त्यावर दुसरा भाग मिळून तो तेथेच मोठ्याने वाचता येईल. वाचन संपताच जागा नव्या जिल्ह्यास सुस्थितीत परत करण्यात येईल, ही नम्र विनंती."