माल जिथं उतरतो

सात वर्षांत पाच बदल्या झाल्या, तेव्हा कुठं आम्ही जयपूरला टेकलो. मालवीय नगरात घर मिळालं, मला शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. मी यांना बजावलं, "आता इथून हलायचं नाव काढायचं नाही. नाही म्हणजे नाही."

यांची कंपनी मुंबईहून औषधाच्या काचेच्या बाटल्या रेल्वेनं पाठवायची. जयपूर, टोंक, कोटा इथल्या दुकानदारांसाठी गोदाम कुठं घ्यायचं, ते यांनी ठरवायचं होतं. यांनी जयपूर स्टेशनच्या मालधक्क्याशेजारची जागा पसंत केली. सोमवारी कंपनीचे साहेब येऊन करारावर सही करणार होते.

महाराष्ट्र मंडळातले गुलाबराव रेल्वेत मालबाबू, म्हणजे मालाची नोंद ठेवणारे कारकून, मूळचे भुसावळचे. गोदामाचं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, रविवारी दोघं सवाई माधोपूरला चला. बघा, मग ठरवा." मला रागच आला. सुटीचा एक दिवस, तोही मालगाड्या बघण्यात घालवायचा.

तरी गेलो. फलाटाच्या एका अंगाला मुंबईकडून आलेली रुंद रुळांची मालगाडी, दुसऱ्या अंगाला जयपूरची अरुंद रुळांची. जयपूरकडं तेव्हा अरुंदच रूळ होते, मोठी गाडी तिकडं जाऊच शकत नव्हती. म्हणून शंभरेक हमाल अख्खी गाडी हातांनी रिकामी करून पलीकडची भरत होते. खतं, पंखे, शिलाई यंत्रं, सगळं खांद्यावरून. कुणाचा कुणाला धक्का नाही. जयपुरात मी घेतलेला पंखा, माझं शिलाई यंत्र असंच आलं असणार, आणि मला पत्ताच नव्हता.

एका पेटीतून काच फुटल्याचा आवाज आला. यांचा चेहरा उतरला.

मी मनात हिशेब मांडला. पेटी इथं उतरणार, चढणार, जयपूरला पुन्हा उतरणार. कोटा तर मुंबईच्याच वाटेवर मागं राहिलेलं; तिथली पेटी त्याच वाटेनं उलटी येणार. माल इथं उतरतोच आहे, तर गोदामही इथंच हवं. उत्तर डोळ्यांसमोर होतं.

परतीच्या गाडीत बसलो. शेवटी मीच म्हटलं, "अहो, गोदाम माधोपूरलाच घ्या."

"मला ते फलाटावरच कळलं होतं," हे म्हणाले. "तुला सांगायची हिंमत झाली नाही."

गोदाम यांनाच सांभाळायचं, म्हणजे ते तिथं तर बिऱ्हाडही तिथंच. मी खिडकीकडं तोंड करून रडले. सोमवारी साहेबांची सही व्हायच्या आत मी शाळेत राजीनामा देऊन आले.